हे मनोरे कशासाठी होते?



सीवूड्स स्थानकावरून निघून पाम बीच रस्ता ओलांडला आणि खाडीच्या बाजूला उभे राहिले, की समोर तिवरांची हिरवी पट्टी दिसते. तिच्यामागे चिखल आणि पाणी, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर नैर्ऋत्येला घारापुरीचा डोंगर. त्या डोंगराच्या पलीकडे मुंबई बंदरात एक लहानसे बेट आहे. जुन्या नकाशांत त्याचे नाव ‘बुचर बेट’ असे आढळते. आज त्याला जवाहर द्वीप म्हणतात. १९५० च्या दशकापासून तेथे तेलवाहू जहाजांचे धक्के आहेत. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात हे बेट दुसऱ्याच कामासाठी ओळखले जात असे. समुद्रावरील जहाजांशी बोलणारे मुंबईचे बिनतारी तारायंत्र केंद्र तेथे होते.

आज तुम्हांला या केंद्राचा इतिहास सांगायचा नाही. अशा जागेचा एखादा जुना फोटो किंवा पडका चौथरा हाती लागला, तर ती जागा कशासाठी होती हे भौतिकीच्या साहाय्याने कसे ओळखावे, हे आपण पाहणार आहोत. सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

दोन फोटो

आमच्या वसाहतीतील नववीतली एक मुलगी एके दिवशी दोन जुने फोटो घेऊन माझ्याकडे आली. तिचे पणजोबा बिनतारी संदेशवहनात नोकरीला होते, काही वर्षे मुंबईत आणि काही वर्षे पुण्याजवळ खडकीला. घरात यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हते. शाळेच्या प्रदर्शनात ती ‘माझ्या घरातील विज्ञान’ असा फलक लावणार होती. तिने विचारले, “सर, यातले जहाजांसाठी कोणते?”

पहिल्या फोटोत पाण्याच्या काठी दोन मनोरे होते. त्यांच्या माथ्यांमध्ये आडव्या तारा ताणलेल्या होत्या आणि मधोमध एक तार खाली एका बैठ्या खोलीत उतरत होती. एका मनोऱ्याच्या पायथ्याशी धोतर-कोटातील एक गृहस्थ उभे होते. दुसऱ्या फोटोत मोकळ्या माळावर एका रांगेत चार उंच मनोरे होते. प्रत्येकाच्या माथ्यावर आडवा बाहू होता आणि मनोऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक तारांचे जाळे चिकाच्या पडद्यासारखे लोंबत होते.

मी फोटो पाहिले आणि क्षणभरही न थांबता सांगितले, “दुसरा जहाजांसाठी. जहाजे दूर जातात. त्यांच्यापर्यंत पोचायला एवढे मोठे मनोरे लागणारच. पहिला एखाद्या लहान स्थानिक केंद्राचा दिसतो.” तिने तसे लिहून घेतले.

मी वर्गात दर वर्षी ‘निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर’ असे सांगतो. येथे मात्र मी निष्कर्ष आधी काढला होता. ही चूक पकडली आमच्या शेजारच्या काकांनी. ते व्यापारी जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. आमच्या भागात असे बरेच निवृत्त दर्यावर्दी राहतात. जवळच करावे गावाच्या बाजूला ‘टी. एस. चाणक्य’ ही व्यापारी नौदलाच्या प्रशिक्षणाची संस्था १९९३ पासून आहे. फलकाचा मजकूर वाचून काका म्हणाले, “सर, हिच्या पणजोबांचं काम तुम्ही उलटं टांगलंत.” मग त्यांनी मला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न आता मी तुम्हांला विचारतो.

प्रश्न पहिला : उंची किती?

फोटोवरून उंची कशी काढायची? पहिल्या फोटोत पायथ्याशी माणूस उभा आहे. मोजपट्टीने मोजले तर तो २ मिलिमीटर भरतो आणि मनोरा ५५ मिलिमीटर. माणसाची उंची १.६५ मीटर धरली, तर

मनोऱ्याची उंची = (५५ ÷ २) × १.६५ = सुमारे ४५ मीटर.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. एक, माणूस आणि मनोरा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. माणूस पुढे असेल तर उंची चुकेल. दुसरी, २ मिलिमीटर मोजताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणजे खरी लांबी १.५ ते २.५ मिलिमीटर यांमध्ये कोठेही असेल. गणित पुन्हा करा : उंची ३६ मीटर ते ६० मीटर यांच्यामध्ये येते. ‘४५ मीटर’ हे उत्तर अचूक आकडा म्हणून न घेता ‘पन्नासच्या आसपास’ असे घ्यावे. याच रीतीने दोन मनोऱ्यांमधील अंतर ६५ मीटरांच्या आसपास येते.

आता ही उंची काय सांगते? कोणत्याही रेडिओ केंद्राचे मूळ सूत्र तुम्हांला माहीत आहे :

तरंगलांबी = प्रकाशाचा वेग ÷ कंप्रता.

प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. कंप्रता ५०० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५ लाख कंपने असेल, तर तरंगलांबी ६०० मीटर होते. जमिनीवर उभ्या केलेल्या साध्या आकाशकाची (एरियलची) लांबी तरंगलांबीच्या पाव भागाएवढी असली, की तो त्या लहरीला चांगला ‘सूर’ देतो. बासरीच्या पोकळीची लांबी जसा तिचा स्वर ठरवते तसेच हे.

६०० मीटरांचा पाव भाग १५० मीटर. एवढा उंच मनोरा प्रत्येक बंदरात कोण बांधणार? म्हणून अभियंत्यांनी तोड काढली. तार जेवढी वर नेता येईल तेवढी न्यायची आणि पुढे ती आडवी पसरायची. आपल्या फोटोत तार ४५ मीटर वर जाते आणि मग दोन्ही बाजूंना सुमारे ३३ मीटर पसरते. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा हा आकार. वर आणि एका बाजूला मिळून ७८ मीटर झाले. त्याची चौपट ३१२ मीटर. शिवाय दोन्ही बाजूंच्या आडव्या तारा आणि जमीन यांचा मिळून एक मोठा धारित्र तयार होतो, त्यामुळे आकाशकाची स्वाभाविक तरंगलांबी याहूनही वाढते. उरलेली कसर खालच्या खोलीतील तारेच्या जाड वेटोळ्याने भरून काढीत.

म्हणजे पहिला फोटो काहीशे मीटर तरंगलांबीच्या, मध्यम लहरींच्या केंद्राचा आहे. ही लहान केंद्राची खूण नव्हे. मी उंची पाहिली, पण तारेचा आकार पाहिला नाही.

प्रश्न दुसरा : तारा कशा टांगल्या आहेत?

दुसऱ्या फोटोतील मनोरे मोठे आहेत, मग तेथील तरंगलांबीही मोठी असणार, असे तुम्हांला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. पण तेथे मनोरा हा आकाशक नाहीच. तो केवळ पडदा टांगण्याची खुंटी आहे. खरा आकाशक म्हणजे त्या लोंबणाऱ्या बारीक तारा. त्या पुष्कळ आहेत, आखूड तुकड्यांत आहेत आणि ठरावीक अंतराने ओळीत लावलेल्या आहेत. हे लघुलहरींचे, म्हणजे काही दहा मीटर तरंगलांबीचे काम.

अनेक तारांना एकाच तालात कंपन दिले, की समोरच्या दिशेला त्यांच्या लहरी एकमेकींना मिळतात आणि बाजूंना एकमेकींना मारतात. परिणामी शक्तीचा झोत तयार होतो. झोताची रुंदी अंशांत काढायचे स्थूल सूत्र असे :

झोताची रुंदी = ५७ × (तरंगलांबी ÷ पडद्याची रुंदी).

तरंगलांबी ३० मीटर आणि पडदा १५० मीटर रुंद धरला, तर ५७ × (३० ÷ १५०), म्हणजे सुमारे ११ अंश. बॅटरीच्या दिव्यासारखा हा झोत एका दिशेला रोखलेला असतो.

आता विचार करा. जहाज आज मुंबईच्या पश्चिमेला, उद्या रत्नागिरीच्या नैर्ऋत्येला. वादळात सापडलेले जहाज कोणत्या दिशेला असेल हे आधी कोण सांगणार? ११ अंशांच्या झोतात ते सापडेलच असे नाही. जहाजांसाठी असलेल्या केंद्राने सगळीकडे सारखे बोलले पाहिजे. ‘टी’ आकाराची उभी तार नेमके हेच करते. म्हणून पडदा म्हणजे एका ठरलेल्या दूरच्या ठिकाणाशी बोलणारे केंद्र, आणि उभी तार म्हणजे ‘जो कोणी ऐकत असेल त्याच्याशी’ बोलणारे केंद्र.

असे पडद्याचे केंद्र पुण्याजवळ होते का? होते. १९२७ साली भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये मार्कोनी पद्धतीची ‘बीम’ सेवा सुरू झाली. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. पुढे १९३२ मध्ये ही कंपनी समुद्री तारांच्या कंपनीशी एकत्र आली, आणि १९४७ च्या आरंभी ही सेवा सरकारने आपल्याकडे घेतली. पणजोबा खडकीला होते. दुसरा फोटो इंग्लंडशी बोलणाऱ्या अशा केंद्राचा आहे. एकाही जहाजासाठी ते मनोरे उभे नव्हते.

हा पडदा कोणत्या दिशेला रोखलेला असेल? सपाट नकाशा पाहून सांगू नका. पृथ्वीगोल घ्या, पुणे आणि लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. दोरा पुण्याहून निघताना उत्तरेच्या पश्चिमेला सुमारे ४१ अंशांचा कोन करतो. पडदा या दिशेला काटकोनात हवा, म्हणजे मनोऱ्यांची रांग साधारण नैर्ऋत्य-ईशान्य अशी असायला हवी. एखाद्या माळावर जुन्या मनोऱ्यांचे चौथरे ओळीत सापडले, तर होकायंत्राने रांगेची दिशा मोजा. ती रांग कोणत्या देशाशी बोलत होती, हे पृथ्वीगोल तुम्हांला सांगेल.

प्रश्न तिसरा : पायाखाली काय आहे?

पहिल्या फोटोत काठावर पाणी आहे. ते केवळ देखाव्यासाठी नाही. मध्यम लहरी दिवसा जमिनीला किंवा पाण्याला धरून सरपटत जातात. पृष्ठभाग विजेचा जितका चांगला वाहक, तितकी लहर कमी थकते. समुद्राच्या पाण्याची वाहकता दर मीटरला सुमारे ५ सीमेन्स असते. कोरड्या खडकाळ जमिनीची त्याच्या हजारांश किंवा त्याहूनही कमी.

याचा परिणाम पाहा. ५०० किलोहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यात शिरली, तर केवळ ३२ सेंटिमीटर खोलीवर तिचा जोर ३७ टक्के उरतो. कोरड्या जमिनीत हीच खोली २० मीटरांहून अधिक भरते. म्हणजे जमिनीत लहर खोलवर मुरते आणि वाटेत तिची शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते; समुद्रावर ती वरच्या वरच राहते आणि पुढे सरकते. त्यामुळे तेवढ्याच शक्तीची लहर समुद्रावरून कितीतरी दूर पोचते. बेट, खाजण किंवा खाडीचा चिखल ही घर बांधायला गैरसोयीची जागा, पण मध्यम लहरींना ती फार मानवते.

म्हणून अशा जागी फिरताना खालीही पाहावे. तांब्याच्या पट्ट्या किंवा जाड तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या मनोऱ्यापासून बाहेर, पाण्याच्या दिशेने पुरलेल्या असतील, तर ती मध्यम किंवा दीर्घ लहरींच्या केंद्राची खूण. तांबे मात्र भंगारात लवकर जाते. मागे उरतात ते चौथरे, ताणतारांचे लोखंडी हूक आणि चिनी मातीचे पांढरे-तपकिरी विद्युत् निरोधक. आज ज्या मनोऱ्यांवर अतिउच्च कंप्रतेचे आकाशक असतात, त्यांना असले काही लागत नाही. जहाजांच्या सोळाव्या चॅनेलची कंप्रता १५६.८ मेगाहर्ट्झ, तिची तरंगलांबी जेमतेम १.९ मीटर, पाव भाग ४८ सेंटिमीटर. येथे मनोऱ्याची उंची क्षितिज लांबवण्यासाठी असते. अंतर किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये घेतली, तर

अंतर = ४.१२ × (मनोऱ्याच्या उंचीचे वर्गमूळ + जहाजावरील आकाशकाच्या उंचीचे वर्गमूळ).

६० मीटरांचा मनोरा आणि १६ मीटरांवर जहाजाचा आकाशक असेल, तर हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर येते. पूर्वीच्या मध्यम लहरी याच्या कितीतरी पट दूर जात, कारण त्या पाण्याला धरून क्षितिजापलीकडे वळत.

प्रश्न चौथा : जोडीदार कोठे आहे?

खडकीला प्रक्षेपण आणि दौंडला ग्रहण, दोहोंमध्ये सुमारे पाऊणशे किलोमीटर. एवढे दूर का? ढोलताशांच्या पथकात उभे राहून कुजबूज ऐकण्याचा प्रयत्न करून पाहा. हजारो वॅट शक्तीच्या प्रक्षेपकाशेजारी दूरवरून येणारी अतिक्षीण लहर ऐकणे तसेच आहे. म्हणून एकाच वेळी अखंड पाठवणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मोठ्या केंद्रांचे दोन भाग दूर ठेवीत.

सुरुवातीच्या किनारी केंद्रांत मात्र एकच आकाशक दोन्ही कामे करी. तारबाबू आधी पाठवी, मग कळ फिरवून ऐके. म्हणून जुन्या जागेवर एकच आकाशक आणि एकच खोली दिसली, की ‘आळीपाळीने बोलणारे केंद्र’ असे अनुमान करता येते. आणि नकाशावर एका केंद्रासाठी दोन जागा आढळल्या, तर घोटाळा समजू नका. त्या जोडीदार असतील.

प्रश्न पाचवा : आणखी कोण संशयित आहे?

येथवर पहिल्या फोटोबद्दल काय ठरले? मध्यम लहरी, सर्व दिशांना प्रक्षेपण, पाण्याचा काठ. पण थांबा. हे वर्णन जुन्या नभोवाणी केंद्रालाही लागू पडते! मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याची शक्ती दीड किलोवॅट होती आणि तेही मध्यम लहरींवरच बोले. नभोवाणीलाही सर्व दिशांचे श्रोते हवेच असतात. म्हणजे दोन संशयित उरले, आणि भौतिकी एकटी त्यांच्यात निवड करू शकत नाही. येथे कागदाची मदत घ्यावी लागते.

काकांनी फोटो उलटा केला. मागे पुसट पेन्सिलीने रोमन लिपीत तीन अक्षरे होती : व्ही, डब्ल्यू, बी. पुढे ६०० हा आकडा. मुलीला तो फोटोचा क्रमांक वाटला होता. मी तर फोटो उलटून पाहिलाच नव्हता.

प्रत्येक केंद्राला आंतरराष्ट्रीय करारानुसार नाव असते, त्याला हाक-चिन्ह म्हणू या. भारताच्या वाट्याला आलेल्या मालिकांपैकी एक ‘व्हीटीए’पासून ‘व्हीडब्ल्यूझेड’पर्यंत आहे. भारतीय विमानांवर ‘व्हीटी’ ही अक्षरे दिसतात, ती याच मालिकेतली. किनारी केंद्रांपैकी ‘व्हीडब्ल्यूसी’ म्हणजे कलकत्ता, ‘व्हीडब्ल्यूएम’ म्हणजे मद्रास, आणि ‘व्हीडब्ल्यूबी’ म्हणजे बॉम्बे रेडिओ : जहाजांशी बोलणारे मुंबईचे केंद्र. आणि ६००? तुम्ही ओळखलेच असेल. ६०० मीटर, म्हणजे ५०० किलोहर्ट्झ.

फोटोने उद्देश सांगितला, पण गाव सांगितले नाही, हेही ध्यानात ठेवा. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे.

६०० मीटरांवर काय ऐकू येई?

५०० किलोहर्ट्झ ही अनेक दशके जगभरच्या समुद्रांवरची हाकेची आणि संकटाची कंप्रता होती. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे हा संकेत १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरला. १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा ‘कार्पेथिया’ जहाजाच्या बिनतारी चालकाने संदेश ऐकला आणि सातशेहून अधिक माणसे वाचली. त्याहून जवळ असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजाचा एकमेव चालक त्या वेळी यंत्र बंद करून झोपला होता. पंधराशेच्या आसपास माणसे बुडाली. या घटनेनंतर अखंड ऐकण्याचे नियम आले.

काकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर दोन तांबडे आणि दोन हिरवे पट्टे आहेत. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ ही मिनिटे तांबडी. या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सर्वांनी गप्प बसायचे आणि फक्त ऐकायचे, म्हणजे एखाद्या दुबळ्या यंत्राची हाक गर्दीत हरवू नये. हिरवी मिनिटे, ० ते ३ आणि ३० ते ३३, तशीच २१८२ किलोहर्ट्झवरील बोलण्याच्या संदेशांसाठी. अशा तबकडीचे घड्याळ एखाद्या जुन्या खोलीत किंवा फोटोत दिसले, तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाही. नभोवाणीला असल्या शांततेचे काम नसते.

मी त्यांना विचारले, “काका, त्या तीन मिनिटांत कधी काही ऐकू आलं का?”

“बहुतेक वेळा नुसती खरखर,” ते म्हणाले. “पण ती खरखर ऐकण्याचाच पगार होता, सर. आणि किनाऱ्यावरही कोणीतरी तीच ऐकत बसलेला असे. त्याचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही. त्याचा हात मात्र ओळखायचो. प्रत्येकाची मोर्स वाजवायची लकब वेगळी.”

१ फेब्रुवारी १९९९ पासून जगातील मोठ्या जहाजांसाठी नवी पद्धत पूर्णपणे लागू झाली. आज संकटात एक कळ दाबली की संदेश आपोआप जातो. जहाज बुडालेच, तर तरंगणारे लहान यंत्र ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला ठिकाण कळवते. मोर्सची सक्ती गेली आणि रेडिओ ऑफिसर हा पेशाही जहाजांवरून उतरला. नव्या पद्धतीने अधिक माणसे सुरक्षित झाली, यात शंका नाही. काकाही तसेच म्हणतात. पण जुन्या केंद्रांचे मनोरे उतरले, यंत्रे भंगारात गेली, आणि ज्यांनी रात्र रात्र खरखर ऐकली त्यांच्या कामाची खूण म्हणून पुष्कळदा एखादा फोटोच उरला. तोच फोटो मी घाईने चुकीच्या नावाखाली लावायला निघालो होतो.

मुलीने फलक पुन्हा लिहिला. पहिल्या फोटोखाली : “येथून माझे पणजोबा जहाजांशी बोलत.” दुसऱ्याखाली : “येथून इंग्लंडला तारा जात.” आणि खाली बारीक अक्षरांत, हे कसे ओळखले त्याच्या पाच ओळी. परीक्षकांनी तिला सर्वांत जास्त प्रश्न विचारले ते त्या पाच ओळींवर.

तुमच्याही घरात एखादा असा फोटो असेल. आजी-आजोबांना विचारा, आणि जे समजेल ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा : काय, कोठे, केव्हा. तीन अक्षरे आणि एक आकडा किती उपयोगी पडतो ते आपण पाहिलेच.

करून पाहा

१. पेन्सिलीतील शिशाच्या दोन कांड्या, ९ व्होल्टची बॅटरी, एक रोध आणि एक एलईडी दिवा यांचे मंडल जोडा. कांड्या आधी नळाच्या पाण्यात आणि मग तेवढ्याच अंतरावर मीठ विरघळवलेल्या पाण्यात बुडवा. प्रकाशात पडणारा फरक वहीत नोंदवा. घरातील विजेच्या जोडणीचा वापर मुळीच करू नका.

२. मध्यम लहरींचे ट्रान्झिस्टर यंत्र एका केंद्रावर लावा आणि आडवे धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत आवाज सर्वांत क्षीण होतो. त्या वेळी आतील फेराइट कांडीचे टोक केंद्राच्या रोखाने असते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून असे करून नकाशावर रेषा काढा. त्या कोठे छेदतात?

३. शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची सावलीवरून काढा. मोजमापात १ सेंटिमीटर चूक झाली, तर उत्तरात किती फरक पडेल?

४. जहाजांना हवामानाच्या सूचना देणारी ‘नॅव्हटेक्स’ सेवा ५१८ किलोहर्ट्झवर चालते. तिची तरंगलांबी काढा. या सेवेत प्रत्येक केंद्राला एक रोमन अक्षर मिळते. ‘ए’ची पाळी जागतिक वेळेनुसार मध्यरात्री ० वाजता आणि पुढे प्रत्येक अक्षराची दहा-दहा मिनिटांनी. मुंबईला ‘जी’ हे अक्षर देण्यात आले. भारतीय वेळेनुसार तिची पाळी किती वाजता येईल?

५. सहलीत जुना मनोरा किंवा चौथरा दिसला, तर वरील पाच प्रश्न विचारून एक पानाचा अहवाल लिहा. मनोऱ्यावर चढू नका, लोंबणाऱ्या तारांना हात लावू नका, आणि मनाई असलेल्या आवारात शिरू नका. निष्कर्षाआधी पुरावे लिहा. आणि कागद उलटून पाहायला विसरू नका.

(चौथ्याचे उत्तर : सुमारे ५७९ मीटर, सकाळी साडेसहा वाजता.)